बंद खोलीतला फ्रीज

रांझी, जबलपूर
१८ मे २०२४

चि. सौ. यामिनीस अनेक आशीर्वाद.

फोनवर मला ऐकू येत नाही, म्हणून लिहून राहिलो. शेजारचा योगेश नागपूरला निघाला, त्याच्या हाती देतो. कूलर जळाला. तुझी आई पलंगावर पडून, अंग नुसतं तापलेलं. शेवटी फ्रीज ओढत तिच्या खोलीत आणला, दार सताड उघडं ठेवलं, खिडक्यांना गोधड्या ठोकल्या. समोर हात धरला की गार लागते. मग खोली काहून तापून राहिली? उद्या योगेशच्या घरचाही फ्रीज आणतो. तू येऊ नको. आठवा महिना आहे, डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं ना!

जावईबापूंना आशीर्वाद. माया आहेच, वाढू दे.

तुझे बाबा

नागपूर
१९ मे २०२४

ती. बाबांस यामिनीचा सा. न. वि. वि.

फ्रीज बंद करा, मग पुढे वाचा. योगेशभैयांच्या घरी शर्मिलावहिनींना फोन केला. त्यांनी दार वाजवलं, तुम्हाला ऐकू गेलं नाही. योगेशभैया हे पत्र घेऊन लगेच परत निघताहेत.

बाबा, फ्रीज गारवा तयार करत नाही. आतली उष्णता उपसून मागच्या बाजूने त्याच खोलीत टाकतो. वर तो जी वीज खातो, तीही शेवटी उष्णताच होते. ऊर्जा नाहीशी होत नाही. दारं-खिडक्या बंद असल्या की तिथेच साठते. दुसरा आणलात तर खोली आणखी तापेल. खिडक्या उघडा, आईला ओल्या चादरीत गुंडाळा, दवाखान्यात न्या. रागवा माझ्यावर, पण ऐका. मला इथून हलता येत नाही हो!

आईला माझा नमस्कार सांगा. जीव लावता तसाच लावा.

तुमची यामिनी

जबलपूर
२३ मे २०२४

चि. सौ. यामिनीस आशीर्वाद.

योगेश आला तेव्हा दुसरा फ्रीज दारात होता, शर्मिलाला तुझा फोन यायच्या आधीच आणलेला. पत्र वाचून आधी चिडलो, पोरगी बापाला शिकवते म्हणून. मग फ्रीजच्या मागे हात घातला. चटका बसला. वळून पाहतो तर तुझ्या आईचे डोळे फिरलेले. योगेशने गोधड्या फाडून काढल्या, मी तिला ओल्या चादरीत गुंडाळलं, ऑटोने दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बर्फात ठेवलं. मला म्हणाले, भैयाजी, भगवान का नाम लो. तीन दिवस तिने मला ओळखलं नाही. तिला वाचवायला निघालो आणि मीच भाजून काढलं, दुसरं काही सुचतच नव्हतं.

आज सकाळी तिने डोळे उघडले आणि ओठ हलवून तुझं नाव घेतलं. मी सांगितलं, पोरगी बरी आहे.

खरं आहे ना? लवकर कळव.

तुझे बाबा