कारखान्यातलं तीर्थ

मी, पंढरी गोपीनाथ केणी, वय ६७, राहणार कोपरी, ठाणे पूर्व, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवतो. माझी कातडी कडक झाली आहे, बुद्धी शाबूत आहे. चाळीस वर्षं युनियनच्या गेटसभा गाजवल्या. इथे थोडक्यात बोलायचा प्रयत्न करतो.

१. कोपरीची खोली आणि बँकेतली ठेव पत्नी लक्ष्मी हिची. तिने विचारल्यावरच मुलीजावयाने तिला सल्ला द्यावा.

२. पुस्तकांची तीन कपाटं मुलगी ऋतिका हिला. समासात मी लेखकांशी भांडलो आहे, ते खोडू नये.

३. धाकटा भाऊ भगवान याला माझा मेगाफोन. माझी बोटं थंडीत पांढरी पडू लागली, मग कातडी ताणून चामड्यासारखी झाली, तेव्हा हा म्हणाला, "दादा, जन्मभर देवळातल्या तीर्थाची टिंगल केलीस. भोग आता!" सहा महिने मी त्याच्याशी बोललो नाही. पण घात तीर्थानेच केला होता.

४. डोंबिवलीच्या रंगाच्या कारखान्यात (त्याच्या नावाला माझ्या कागदात जागा नाही) पाळी सुटली की आम्ही ओंजळीत थिनर घेऊन हात धुवायचो. साबणाने रंग निघत नसे. "तीर्थ घेतलं का रे?" हा आमचा रोजचा विनोद. मालक थिनर द्यायला कुरकुरायचा, म्हणून १९९६ साली मी अकरा दिवसांचा संप केला आणि प्रत्येकाला रोज अर्धा लिटर मिळवून दिलं. लोकांनी हार घातले. माझा सर्वांत मोठा विजय!

गेल्या वर्षी डॉ. करिश्मा वैती यांनी विचारलं, "काका, नेमकं काम काय करायचात?" आधीच्या डॉक्टरांनी नुसतं 'नोकरी' लिहिलं होतं. मी थिनरचं सांगितलं, तेव्हा वैतींनी समजावलं, या आजारात शरीराची राखण करणारी यंत्रणा शरीरावरच उलटते, आणि अशा रसायनांत वर्षानुवर्षं काम केल्याने त्याचा धोका वाढतो. "तुम्हाला त्यानेच झाला असं शपथेवर नाही सांगता येणार. पण केसपेपरवर लिहिते."

शेजारच्या यंत्रावरच्या दौलत भोईरलाही हाच आजार. विठ्ठलवाडीला त्याच्या घरी जाऊन कबूल केलं, ते थिनर मी आणलं.

"भाषण तू केलंस," तो म्हणाला. "टाळ्या कोणी वाजवल्या? आता रडू नको. पोरं अजून तीर्थ घेतायत, त्यांना सांगितलंस का?"

आम्ही दोघं गेटवर गेलो. मी फक्त हात वर करून दाखवले आणि कशाने झालं ते सांगितलं. एवढं छोटं भाषण आयुष्यात केलं नव्हतं. तीन महिन्यांनी थिनरचा डबा मोरीजवळून हलला. हातमोजे आले, रंग काढायची पेस्ट आली. स्वतः जाऊन पाहिलं. तेव्हापासून छातीवरचा दगड उतरला आहे.

५. माझ्या केसपेपरची प्रत कोणाही कामगाराने मागितली तर ऋतिकाने द्यावी. कारण विचारू नये.

६. दौलतला काही ठेवायचं होतं. वकील म्हणाले, साक्षीदाराला वाटा देऊ नये. मी म्हटलं, दुसरा साक्षीदार बघतो.

दौलत म्हणाला, "काय देणार होतास? भाषणांच्या कॅसेटी? नको रे बाबा! पेन आण."

माझी सही वाकडी आली आहे, तरी ती माझीच. दौलतला पेन धरायला वेळ लागतो आहे. आम्हाला घाई नाही.

पंढरी गोपीनाथ केणी

आमच्यासमोर, शुद्धीत सही केली:
१. दौलत भोईर, विठ्ठलवाडी
२. डॉ. करिश्मा वैती, ठाणे

कोपरी, ठाणे
९ फेब्रुवारी २०२५