जानोशावर तर्री

९ जानेवारी

...आणि म्हणूनच म्हणते, यवतमाळात खायला काही मिळत नाई असं बोलणाऱ्या माणसानं यवतमाळात काही खाल्लेलंच नसते. साखरपुड्यात जिजूंच्या आत्या (पुण्याच्या, यापुढे नुसतं आत्याबाई) प्राजूताईले सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तुमच्याकडे बाहेर खायला मिळतं तरी काय गं? भजी?" ताई हसली. घरी येऊन बाथरूमचा नळ सोडून रडली. मले बाहेर ऐकू आलं. काकाची एकुलती एक पोरगी, माझी चुलतबहीण, लग्न ९ फेब्रुवारीले, आणि ही रडून राह्यली भज्यावरून.

तर माझी खाऊ-लिस्ट (गावात कुठं काय खायचं ते) आता नुसता शौक नाई. समोरच्यासाठी उत्तर आहे.

मराठीत लिहून राह्यली, इंग्लिश मीडियमवाली असून. तर्रीले इंग्लिशमध्ये काय लिहू? ग्रेव्ही? छे.

खूण ठरवली. पजा = परत जा. पन = परत नको.

११ जानेवारी

चौकातला समोसा. फोडून, वरून चण्याची तर्री, कच्चा कांदा, सांभार, लिंबू. पजा. (पुण्यात सांभारले कोथिंबीर म्हणतात. ताईले आतापासून प्रॅक्टिस करायला लावली. तीनदा चुकली.)

शाळेजवळचा गुपचुपवाला: पाणी एक नंबर, पुरी नरम. म्हटलं भैया हे काय? म्हणे, "हवा दमट आहे." जानेवारीत! पन.

१४ जानेवारी

घाटंजीचा बाजार, एसटीनं, एकटी. मुगाचे भजे, पेपरावर, सोबत तळलेली मिरची. फोटो काढून राह्यली तर भजेवाली बाई: "कोणाची वं तू? फोटो कायले काढतं? खाय ना, थंडे होऊन राह्यले." दोन फोटो धूसर आले, भजे गरम खाल्ले. पजा, पजा.

येताना वाट वाकडी करून कळंबले गेली, आई तिथं थांबली होती. चिंतामणीचं दर्शन, मग बाहेर आलुबोंडा. आई म्हणे, "तू देवाले आली का बोंड्याले?"

खरं सांगू तर...

१७ जानेवारी

आज घरात मीटिंग. मले नवीन शब्द कळला: जानोसा. नवरदेवाकडचे लोक जिथं उतरतात ती जागा. लग्नाच्या दिवशी सकाळी तिथं नाश्ता पाठवाचा तो नवरीकडच्यांनी. म्हणजे आपण. आपला जानोसा लोहाऱ्याकडच्या लॉनवर.

काकानं केटररले सांगूनही टाकलं. सँडविच, मिनी इडली, पास्ता. सकाळी आठ वाजता पास्ता!

मी म्हटलं, तर्री-पोहे.

काका म्हणे, "बेटा, ते ठेल्यावर खाचं असते. पाहुण्याईले नाई देत."

"काहून?"

"नाव ठेवतीन."

"नाई ठेवणार."

मग झालं ते असं. काका प्रेसवाला माणूस, लग्नपत्रिका छापतो, हिशोबानं शब्द वापरतो. म्हणे, "जानोशाचा नाश्ता तुह्याकडे. तिकडून एकबी तक्रार नाई आली, तर तुही लिस्ट माह्या प्रेसवर रंगीत छापून देतो, गावभर वाट. आली, तर लिस्टचं नाव काढाचं नाई घरात. मंजूर?"

मंजूर! ताईनं टेबलाखालून माझा हात दाबला.

१९ जानेवारी

सापडली. सापडली. सापडली.

बसस्टँडच्या मागची गल्ली. बोर्ड नाई, नाव नाई. निळा ठेला, त्यावर मोठा गंज (पुण्यात पातेलं म्हणतीन), खाली मंद आच. सुनंदामावशी. साठीच्या आसपास, स्वेटर उलटा घातलेला. गंजात वर लालभडक तवंग, आरशासारखा. पळी तिरपी टाकते, आधी वरची तर्री, मग तळातले चणे, पोह्यावर अशी सोडते की पोहा भिजते पण बुडत नाई. पहिल्या घासाले डोळ्यात पाणी. दुसऱ्या घासाले कान लाल. तिसऱ्याले मी मावशीले म्हटलं, तुम्ही इतके दिवस कुठं होत्या?

"इथंच हाव. एकोणतीस वर्सं. तू कुठं होती?"

पजा ×१००.

२२ जानेवारी

मावशीले जानोशाचं विचारलं. घाबरत घाबरत हेही म्हटलं, की पाहुणे पुण्याचे आहेत, तर थोडं तिखट कमी...

मावशीनं पळी खाली ठेवली. "मंग साखर टाकू का?"

रांगेतले सगळे हसले. कान लाल, या वेळी तर्रीनं नाई.

बरं, तिखटाचं सोडा, याल का? नाई म्हणे. सकाळी तिचे रोजचे पंचवीसेक लोक असतात. ऑटोवाले, एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर, दवाखान्यातून रात्रीची ड्युटी करून निघालेल्या दोन सिस्टर. "ते उपाशी जातीन का? तुह्या पाव्हण्यापाई?"

मी हललीच नाई तिथून.

मग म्हणे, "डब्यात घेऊन जाय." वा! सोपं. उद्या-परवा ट्रायल.

२५ जानेवारी

ट्रायल. स्टीलचा मोठा डबा, तर्री काठोकाठ, स्कूटीच्या पायाजवळ. बसस्टँड ते लोहारा. रस्त्यावर किती गड्डे आहेत ते मले आज माहीत झालं, एक-एक.

लॉनवर पोचून झाकण उघडलं. तवंग गायब. सगळं हलून एकजीव, मातकट, वरणासारखं. अर्धं स्कूटीवर. ताई सोबत होती, तिनं एक घास खाल्ला आणि डब्याचं झाकण लावलं.

परत जाऊन मावशीले सांगितलं. तिले नवल नाई. "हलवली तर मरतेच ना ते. एकदा वर आली की गंजाले धक्का नाई लावाचा. मी ठेल्याले कोणाले टेकू देत नाई, पाह्यलं नाई का तू?"

मग डब्यात ने कायले म्हणाल्या!

"तू ऐकणारी वाटत नव्हती. म्हटलं पाहू दे."

स्कूटी तीनदा धुतली. अजून वास येऊन राह्यला. चांगला वास आहे.

२८ जानेवारी

रोज जाऊन राह्यली. हट्ट म्हणा. आज मावशीनं न विचारता प्लेट दिली, म्हणजे मी आता रोजच्यातली. पण उत्तर तेच. ठेला लॉनवर आणायचा, तिथंच बनवायचं, हे तिले पटते. लोकाईचं काय, तिथं अडते.

बाजूले रफीकभाई खात होते. ऑटोवाले. मावशीकडे पंधरा वर्षं. सगळं ऐकून राह्यले होते, तोंड भरलेलं. घास गिळून म्हणाले, "मावशी, तुम जाव ना. हम आते उधर."

"कुठं उधर?"

"जानोसे पे. लोहारा कितना दूर है? आठ-दस ऑटो है अपने पास. सिस्टर लोगों को भी बिठा लेंगे, ड्रायव्हर साब को भी."

मावशीनं माझ्याकडे पाह्यलं. "तुह्या घरचे चालू देतीन?"

मी म्हटलं, हो! विचार न करता. घरी यायले निघाल्यावर विचार केला.

२ फेब्रुवारी

घरी युद्ध.

काका: "जानोशावर ऑटोवाले? पाव्हणे काय म्हणतीन?"

आई, भाजी निवडता निवडता: "म्हणतीन, नवरीकडची माणसं किती आहेत."

काकानं हात जोडले, येऊ दे म्हणे. आई आमच्या घरात कमी बोलते आणि असं बोलते.

पण नंतर स्वयंपाकघरात तिनं मले खरी गोष्ट सांगितली, आणि मी हादरली. वरपक्षानं जानोशावर एकतरी खोट काढाचीच असते म्हणे. मीठ कमी, पाणी थंड, चादर छोटी. रीतच आहे. नाई काढली तर मान कसा दिसन त्यांचा? "तुह्या बाबाच्या आत्यानं माह्या लग्नात पापडाचा आकार काढला होता."

म्हणजे शून्य तक्रार कधी होतच नाई! आणि काकाले हे माहीत होतं!! पैज लावतानाच माहीत होतं.

काकाले जाब विचारला. चष्मा पुसत म्हणे, "तू विचारलं कुठं?"

मागे हटणार नाई. आता तर नाईच.

८ फेब्रुवारी

वऱ्हाड दुपारी पोचलं. आत्याबाईंनी उतरताच रूम पाह्यली. म्हणाल्या, खिडकी पश्चिमेला आहे. काका माझ्याकडे बघून हसला. मी म्हटलं, नाश्त्याची तक्रार मोजायची, खिडकीची नाई. तो म्हणे ठीक.

चहा मात्र केटररचा राहील, असं काकानं ठरवलं. मावशी चहा नाई बनवत. राहू दे.

ठेला संध्याकाळीच रफीकभाईंनी छोट्या टेम्पोत टाकून लॉनवर आणला. मावशी रिकाम्या गंजाले मांडीवर घेऊन पुढे बसलेली. रिकामा आहे मावशी, हलू द्या! "सवय हाय वं."

जुन्या जागी मी पुठ्ठा बांधून आली. "मावशी उद्या जानोशावर. रोजच्यांनी लोहाऱ्याच्या लॉनवर या. ऑटो इथूनच सुटतील." अक्षर वाकडं, पण मोठं.

९ फेब्रुवारी

पटापट लिहिते, हातावर मेंदी, मांडवात बोलवून राह्यले.

पाच वाजता मावशी लागली. सव्वासातले तवंग वर आला. मी स्वतः उभी राह्यली, ठेल्याले कोणाले टेकू दिलं नाई. जिजूंच्या मित्राले ढकललं थोडं. सॉरी.

साडेसातले गेटमधून ऑटो. एक, दोन, पाच, नऊ! खाकी शर्ट, पांढरे ड्रेस, मफलर. तीस-बत्तीस लोक उतरले आणि शिस्तीत रांगेत. रफीकभाईंनी तर इस्त्रीचा कुर्ता घातलेला. पुण्याचे लोक खिडकीतून बघून राह्यले. जिजूंचे वडील खाली येऊन काकाले हात जोडून म्हणाले, "इतके लोक सकाळी सकाळी आमच्यासाठी आलेत? फार माणुसकी आहे हो तुमच्याकडे." काकाचा चेहरा. मले फ्रेम करून पाहिजे.

मग पाहुणे रांगेत. सिस्टरबाई पुढच्या काकूंना शिकवून राह्यल्या, "आधी लिंबू पिळा, मग कालवू नका, कडेकडेनं खा." एक आजोबा शिंकले आणि हसले आणि परत प्लेट पुढे केली. पास्ता कोणी विचारला नाई. कोणीच नाई!!

आणि आत्याबाई. आधी दुरून. मग प्लेट घेतली, "थोडंच घाला हं." मावशीनं थोडं नाई घातलं. पहिला घास. पदरानं डोळे. दुसरा. मी श्वास धरून. कपाळावर घाम, फेब्रुवारीची थंडी. प्लेट संपली. परत रांगेत! रफीकभाईंच्या मागे. ते म्हणाले, "आओ ना आपा, आगे आओ." त्या खरंच पुढे गेल्या. तिसरी प्लेट मावशीनं न विचारता भरली.

ताईले हे व्हिडिओ कॉलवर दाखवलं, ती तयार होऊन राह्यली होती. काजळ वाहून गेलं. ब्यूटीपार्लरवाली माझ्यावर चिडली. या वेळचं रडणं नळ सोडून नव्हतं.

बोलवून राह्यले, जाते.

१० फेब्रुवारी

लग्न छान झालं, पाठवणी झाली, घर रिकामं रिकामं. त्यावर नंतर लिहीन, आता नाई लिहिता येत.

मुद्दा. काल निघताना आत्याबाई काकाजवळ आल्या. मी मागेच होती. म्हणाल्या, "सगळं छान झालं हं. सकाळी चहा मात्र गार होता."

काकानं आज सकाळी मले बोलावलं. "आली तक्रार."

"चहाची!"

"चहा नाश्त्यात येते का नाई?"

"चहा तुमच्या केटररचा होता!"

"तक्रार ती तक्रार."

आई आतून: "तीन प्लेटा खाऊन झाल्यावर चहा गारच होणार ना."

काका हसला. पण छापतो असं काई म्हटलं नाई.

१३ फेब्रुवारी

सगळा किस्सा मावशीले सांगितला. ती पोटभर हसली. मग म्हणे, "तिनं खोट काढली हे बरं केलं. काईच नसती बोलली तर मी म्हटलं असतं, बाईनं चव घेतलीच नाई." आणि लिस्टमध्ये तिचं नाव टाकू का विचारलं तर, "टाक. पण लिहिजो, साडेनऊले संपते. मंग माह्यावर चिडाचं नाई."

जुन्या जागचा पुठ्ठा अजून आहे. रफीकभाईंनी काढू दिला नाई. म्हणे, यादगार.

१६ फेब्रुवारी

ताईचा फोन, पुण्याहून. आत्याबाई तिच्याकडे आल्या होत्या. इकडच्या-तिकडच्या गप्पा, आणि निघताना दारात, हळूच: "तुझी ती बहीण काही यादी करते म्हणे. पत्त्यासकट आहे का?" मे महिन्यात आमच्याकडे यायचं म्हणतात. खिडकीबद्दल काही नाई विचारलं.

ताईनं त्यांना आपल्या समोशाचं सांगताना सांभारच म्हटलं. त्यांनी दुरुस्त नाई केलं!

काकाले फोन स्पीकरवर ऐकवला. तो उठून प्रेसमध्ये गेला. थोड्या वेळानं प्रेसमधून रंगीत कागदाचे तीन नमुने आणून माझ्या टेबलावर ठेवले आणि म्हणाला, "कागद दाखवून ठेवतो फक्त. तू पैज हरली, हे पक्कं आहे."

आता तुम्हीच सांगा. तीन प्लेटा, नंतर एक गार चहा, आणि वर यादीची चौकशी. ही हार आहे का जीत?