दोन बोटं माया

प्रिय खारूताई,

पार्सल उघडल्यावर तू आधी तोंड वाकडं करणार, हे मला ठाऊक आहे. नवा गणवेश मागितलास आणि आत्याने जुनाच स्कर्ट परत पाठवला. तुझ्या बाबाने फोनवर तीनदा बजावलं होतं, की ताई, नवाच शिव, पोरगी म्हणते तोच वर्ग आणि वर तोच स्कर्ट, सगळे ओळखतील. सोमवारी शाळा उघडतेय आणि तू नववीत पुन्हा बसायला तयार नाहीस, हेही त्यानेच सांगितलं. मग आम्ही दोघं बराच वेळ हवेबद्दल बोललो.

दुकानात सध्या पाय ठेवायला जागा नाही. मापाला उभी केलेली मुलं श्वास रोखून पोट आत घेतात आणि त्यांच्या आया मागून सांगतात, जरा वाढतं ठेवा हं. वाढीसाठी शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात, त्याला आमच्या धंद्यात माया म्हणतात. हा शब्द मी शिकले तो स्वतःचं हसं करून. शिवण शिकवणाऱ्या मास्तरांकडे नवी असताना मला एका वर्गाचे बत्तीस स्कर्ट कापायला मिळाले. नेटके दिसावेत म्हणून मी माया ठेवलीच नाही, वर मास्तर शाबासकी देतील म्हणून वाट बघत बसले. चार-सहा महिन्यांत एकेक मुलगी गुडघ्यावर स्कर्ट ओढत परत यायला लागली, आणि सोडायला आत सूतभर कापड नव्हतं. मास्तर ओरडले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, “पोर आज जेवढी आहे तेवढीच राहणार, असं धरून कापलंस. चुकलं ते तिथे.”

तुझा स्कर्ट मीच शिवला होता, चांगली चार बोटं माया ठेवून. काल दुमड उसवली. दोन बोटं सोडली, दोन अजून आत आहेत. बाबाने पाठवलेल्या मापात तू तेवढीच उंच झाली आहेस. आतलं कापड धुण्यात विटलेलं नाही, त्यामुळे खाली गडद पट्टा दिसतोय आणि त्याच्यावर जुन्या दुमडीची रेघ. पाणी शिंपडून, इस्त्री फिरवून पाहिलं, ती काही हटत नाही. वरून पट्टी लावून झाकता आली असती, पण मी लावली नाही. कोणी विचारलंच तर सांग, मी वाढले. आणि मागच्या वर्गातून येणारी मुलं चार दिवस तुझ्याकडे बघतील, हे मान्य. पाचव्या दिवशी त्यांना गृहपाठ असेल.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. आत्याला शिवणाची भारी आवड, म्हणून तिने शाळा सोडली, असं आपल्या घरात सांगतात. तुझा बाबा तेव्हा दुसरीत होता, त्यालाही तेवढंच माहीत आहे. खरं म्हणजे मी नववीत नापास झाले होते. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी तुझ्या आजीने माझ्या स्कर्टची माया सोडून तो खुंटीला लावून ठेवला. मी तो गडद पट्टा पाहिला आणि स्कर्ट अंगाला लावला नाही. शिवण मला आवडायला लागलं ते नंतर. काल तुझी दुमड उसवताना मला ती खुंटी दिसायला लागली. कात्री खाली ठेवली, चौकापलीकडच्या शाळेत गेले आणि मोठ्या माणसांच्या दुपारच्या वर्गात नाव घालून आले. तिथले गणिताचे सर माझ्याकडूनच पँट सैल करून घेतात, तेव्हा कोण कोणाला घाबरतंय ते बघू. हे तुझ्याशिवाय कोणाला सांगितलेलं नाही. माझाही वर्ग सोमवारीच सुरू होतोय. तू सकाळी जा, मी दुपारी जाते. संध्याकाळी फोन कर आणि कितव्या बाकावर बसलीस ते सांग. मीही माझा बाक सांगेन.

तुझीच,
नववीतली आत्या