कणकेचे चार गोळे

१० जानेवारी, शनिवार

पोचलो एकदाचा मिनेसोटाला. शंतनूचं नवं घर तळ्याच्या अगदी काठाला. तळं कसलं, गोठून दगड झालंय, लोक त्यावरून खुशाल मोटारी नेतात. आल्या आल्या चिरंजीवांनी मला बर्फावरच्या तंबूत नेऊन बसवलं. सुताराच्या गिरमिटासारखं, पण छातीएवढं उंच यंत्र. त्याने ताटलीएवढं भोक पाडलं, गळ सोडला, आणि आम्ही बापलेक शेगडीशी शेंगदाणे खात बसलो. पर्च नावाचे पट्टेरी मासे मिळाले, एक वॉलआयही. त्याचे डोळे काचेच्या गोटीसारखे पांढरे. माझी सात वर्षांची नात अनिका त्याला बोट लावायची, किंचाळायची आणि पुन्हा लावायची.

आमच्या गावी नदीच्या कोंडात, म्हणजे खोल डोहात, माशांना कणकेचे गोळे घालतात. घरच्या माणसागणिक एक, नाव घेऊन, की बाबा, याला सांभाळ. चाळीस वर्षं पिठाची गिरणी चालवलेला माणूस मी, कणीक हाताला लागल्याशिवाय चैन पडत नाही. सूनबाईकडून, म्हणजे रेणूकडून, मागून घेतली आणि चार गोळे सोडले. पहिला अर्थातच अनिकाच्या नावाचा, मग रेणूचा, मग शंतनूचा, शेवटी माझा. शेजारच्या तंबूत डेल म्हणून माझ्याच वयाचा गृहस्थ होता. ते बघून तो उठून आमच्याकडे आला. मग काय म्हणाला ते शंतनूने मराठीत सांगितलं: गळाला आमिष लावा, तो सौदा झाला, पण या तळ्याला आपल्या हाताने काही देऊ नका. मी म्हटलं, खाऊ घालून कधी कुणाचं वाईट झालंय?

१३ जानेवारी, मंगळवार

रोज चार गोळे घालतो. मासे इतके लागतात की रवा लावून तळता तळता रेणू थकली. एक मात्र आहे. बर्फावर चालू लागलो की खालून टकटक येते, माझ्या पावलाबरोबर. मी थांबलो की थांबते. शंतनू म्हणतो, "बाबा, आइस एक्स्पान्ड होतो, त्याचा साउंड आहे." असेल. डेलने आज तंबू उपटून नेला. हात जोडून रामराम केला तर ढुंकूनही बघितलं नाही. एवढा कसला तोरा.

१५ जानेवारी, गुरुवार

डोकं तापलंय. सकाळी भोकाच्या काठावर कालचे गोळे परत आलेले. तीन. एका ओळीत मांडलेले, पहिल्याची जागा मोकळी. तिथे बर्फात बोटांचे ठसे. लांब बोटं, सहा. दिलेलं अन्न परत करायची ही कुठली रीत? भोकावर वाकून चांगलं सुनावलं. म्हटलं, बोट दिलं तर मनगट धरतोस होय रे मेल्या? आजपासून कणीक बंद. भोकावर फळी टाकली, फळीवर दगड.

१७ जानेवारी, शनिवार

फळी फुटली. खालून.

न्याहारीला अनिका आली तर केस ओले, तळ्याच्या वासाचे. कुठे गेली होतीस विचारलं. दूध पिता पिता म्हणाली, "आजोबा, इट सेज आय ॲम फर्स्ट." कशात पहिली, ते विचारायचा मला धीर झाला नाही. तिचे लाल बूट भोकाशी सापडले.

शंतनूवर इतका ओरडलो की रेणू रडायला लागली. म्हटलं, आत्ताच्या आत्ता गाडी काढ. तो म्हणाला, वादळाने हायवे बंद आहे, सोमवारी उघडेल. आणि वर, "बाबा, प्लीज, तुमच्या कोंडाच्या गोष्टी तिच्या डोक्यात घालू नका यार." बापाला यार म्हणतो. कानाखाली द्यावीशी वाटली.

१८ जानेवारी, रविवार

टकटक अंगणाखाली आली. दुपारी तळघराच्या फरशीखाली. अनिका ज्या खोलीत जाते तिच्याखाली — फक्त तिच्या. आमच्या कुणाच्या नाही.

शंतनूनेही ऐकलं. दाराला पाठ लावून बसलाय.

कळलं मला. गिरणीत डबे ओळीने लागायचे. सरपंच आला तरी मागे उभा करायचो मी. हेही तसलंच, रांगेचं पक्कं. आणि डबे कुणी लावून दिले? मी. पहिली अनिका — मीच, माझ्या या हातांनी —

१९ जानेवारी, सोमवार

हायवे बंदच. सकाळी तळघराची फरशी तडकली. पाणी. अनिका दाराकडे चालत निघाली, डोळे उघडे, पांढरे — आईबापांनी दोन्हीकडून धरून ठेवलीय —

भोकाशी बसलोय. पहार आणली होती. काय करायची.

वही मांडीवर. मुठीत एकच गोळा, माझ्या नावाचा.

शिव्या संपल्या देऊन. ऐकतंय. खाली दोन पांढऱ्या गोट्या, हलत नाहीत —

म्हटलं, रांग मला शिकवू नकोस. चाळीस वर्षांत कुणाला मोडू दिली नाही.

आज मोडतोय.

सरक मागे, अनिका. आधी आजोबांचा ड—