साहेबांची चपराक

३ मार्च

आज नातीच्या कानाखाली वाजवली. सोळा वर्षांची घोडी झाली, आजवर बोटसुद्धा लावलं नव्हतं तिला!

टीव्हीवर साहेबांचा सिनेमा लागला होता. पडदाभर त्यांचा चेहरा. ही मेली म्हणते, "हा कोण गं? डोक्यावर काय घरटं ठेवलंय का? बदल ना आजी." आणि फिदीफिदी हसली. पुढचं मला आठवत नाही. हात आपला आपण गेला.

मुलगी स्वयंपाकघरातून धावत आली. "आई, डोकं फिरलंय का तुझं?"

फिरलंच असेल. ज्या माणसाच्या हातून माझा डावा कान गेला, तो म्हणे कोणीच नव्हता! मग माझा कान काय उंदरांनी कुरतडला?

४ मार्च

नात बोलत नाही. बरोबर आहे तिचं. गालावर चार बोटं अजून दिसतात.

७ मार्च

एका आयोजकाचा फोन. साहेबांना ऐंशी पूर्ण झाली, सत्कार आहे. "मॅडम, ती गाजलेली चपराक स्टेजवर पुन्हा करायची. साहेबांचीच इच्छा आहे." मी त्याचं बोलणं संपायच्या आत हो म्हटलं.

मुलगी भडकली. "त्या माणसाने तुझा कान घालवला आणि तू नटूनथटून त्याच्या सत्काराला निघालीस? लाज नाही वाटत?"

मी म्हटलं, कान त्यांनी नाही घालवला. चूक माझी होती. ती पातेलं आपटून निघून गेली. आपटण्याची आवड आमच्या घराण्यातच आहे.

८ मार्च

लिहूनच टाकते एकदाचं. मुलीलाही सगळं कधी सांगितलेलं नाही.

सिनेमात मी कायमची दुष्ट वहिनी. सासूला उपाशी ठेवायचं, धाकट्या जावेला छळायचं, आणि शेवटच्या रिळात साहेबांच्या हातची चपराक खायची. आता सिनेमातली चपराक लागत नसते. हात गालापासून चार बोटं लांबून जातो, खाणाऱ्याने नेमक्या वेळी मान फिरवायची, आवाज मागून भरतात. खरी कला खाणाऱ्याची. मारणारा नुसता हात फिरवतो. पण साहेब म्हणायचे, "खोटं मला जमत नाही." साहेबांना कोण सांगणार?

त्या गाजलेल्या चपराकीचे सतरा टेक झाले. प्रत्येक वेळी दिग्दर्शक ओरडायचा, "बाई, हात यायच्या आधीच डोळे मिटता तुम्ही! पुन्हा!" सातव्याला ओठ फुटला. मेकअपवालीने रक्त टिपलं आणि वर पावडर थापली. अकराव्याला कानात काहीतरी फाटलं. शिट्टी वाजायला लागली, ती आजही वाजते. पलीकडे खुर्च्या टाकून पाहुणे बसले होते — वितरक, त्यांच्या बायका. दर चपराकीला टाळ्या! सतराव्यानंतर साहेबांनी पाठ थोपटली. "धीराची आहेस पोरी." मी बावीस वर्षांची. त्यांच्या पाया पडले!

सिनेमा पन्नास आठवडे चालला. चपराक बसली की अख्खं थिएटर उठून उभं राहायचं. मी मात्र मान खाली घालायचे, तेवढं दृश्य मी आजवर पाहिलेलं नाही. बाजारात बायका तोंडावर म्हणायच्या, "बरी बसली तुला!" एकीने चप्पल फेकून मारली. मला तेही बक्षीसच वाटलं. एवढ्या मोठ्या माणसाच्या हातचा मार होता तो.

सेहेचाळीस वर्षं मनाशी एकच घोकत आले. मेले, डोळे उघडे ठेवले असतेस तर कान वाचला असता.

११ मार्च

नात आपणहून आली. "आजी, मला शिकव ना खोटी चपराक खायला."

पलंगावर तालीम. ती मान फारच लवकर फिरवते. "अगं, हात येऊ तर दे!" दोघी हसून हसून लोळलो. मग मी तिला सॉरी म्हटलं. तर म्हणते, "परत मारलंस तर मीपण मारेन हं." म्हटलं, मार बाई.

१२ मार्च

बघायला नको होतं.

नातीने तो सिनेमा फोनवर शोधून काढला. चपराक हळू करून, थांबवून थांबवून बघत बसली. साहेबांचं तिला काय कौतुक असणार! तिला मान कशी फिरवायची ते बघायचं होतं. "आजी, हे काय उडालं गं?" मी म्हटलं, मी बघत नाही ते. तिने फोन नाकासमोरच धरला.

माझं कानातलं. डाव्या कानातलं, हवेत.

ते पहिल्याच चपराकीला उडालं होतं. मेकअपवाली गुडघ्यांवर रांगून शोधत होती, सापडलंच नाही. मग डाव्या बाजूला केस ओढून घेतले आणि पुढच्या सोळा वेळा मी त्याच्याशिवाय उभी राहिले. म्हणजे सिनेमात आहे तो पहिला टेक. ओठ धड. गाल गोरा. आणि डोळे? टक्क उघडे!

पहिलाच घेतला होता. मग सोळा कशाला? सोळा कशाला मारल्या मला?

१३ मार्च

जेवण गेलं नाही. दिग्दर्शकाला जाऊन वीस वर्षं झाली. मेकअपवालीही गेली. विचारायला एकच माणूस उरलाय.

दुपारी घरात कोणी नव्हतं. उशीला मारत बसले, शिवण उसवून कापूस बाहेर येईपर्यंत. मुलीला सांगितलं, जुनी झाली होती.

१५ मार्च

हात सुजलाय, अक्षर वाकडं येतंय. येऊ दे.

सभागृह चारशेचं, माणसं जेमतेम चाळीस. त्यातली निम्मी आयोजकाच्या नात्यातली. स्टेजवरच्या बॅनरवर फोटो भलत्याच नटाचा! मी आयोजकाला सांगितलं तर म्हणतो, "जुने सगळे सारखेच दिसतात हो मॅडम." साहेबांनीही बॅनर पाहिला. आणि आत निघून गेले. एकेकाळी त्यांची गाडी आली की पोलीस लाठ्या चालवायचे, माणसं चेंगरायची.

आतल्या खोलीत ते एकटेच होते. सदरा अंगाला मोठा झालेला. मला बघून डोळे भरून आले त्यांचे. "पोरी, तू! चला, ओळखणारं कोणीतरी आलं."

मी उभ्या उभ्या विचारलं. "साहेब, पहिलाच टेक चांगला झाला होता ना?"

"हो की! झकास झाला होता," ते हसले. "पण पाहुणे ऐकेनात. पुन्हा दाखवा, पुन्हा दाखवा! लोक मागतात तोवर द्यावं गं. आता कोण मागतंय?"

"आणि माझे डोळे?"

"तुला काहीतरी कारण सांगायला नको का?"

लहानपणची खोडी सांगावी इतक्या गोडीने सांगितलं! कानाचं त्यांना माहीतच नव्हतं. मी कधी सांगितलंच नव्हतं. तेव्हा ते फार मोठे होते, आणि आता सांगून कान थोडाच परत येणार होता?

स्टेजवर गेलो. त्यांनी हात उचलला, तो हवेतच लटलटत राहिला. मी तो डाव्या हाताने धरला आणि उजव्याने अशी ठेवून दिली की माइकमध्ये आवाज घुमला. चार बोटांचं अंतर वगैरे काही नाही. सणसणीत, गालावर.

मग पहिल्या रांगेतून कोणीतरी हसलं. टाळ्या! त्यांना वाटलं, असंच ठरलेलं आहे. मागून आवाज आला, "पुन्हा!"

मी पुन्हा मारली.

"पुन्हा!" आता सगळेच ओरडत होते, शिट्ट्या मारत होते. मी तिसरी मारली. साहेबांच्या नाकातून रक्त आलं, सदऱ्यावर ओघळलं. ते माझ्याकडे बघतच नव्हते. लोकांकडे बघत होते. दात लाल, आणि हसत होते!

१६ मार्च

कोणीतरी चित्रण केलं होतं. जिकडेतिकडे तेच फिरतंय. नातीच्या वर्गातली पोरंसुद्धा साहेबांना ओळखायला लागली — "चपराकवाले आजोबा"! त्यांचे सिनेमे एकानेही पाहिलेले नाहीत.

मुलीला वाटलं होतं मला बरं वाटेल. मलाही वाटलं होतं.

संध्याकाळी नात दारात येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "आजी, पहिली मारलीस ते मला कळलं. पुढच्या दोन का मारल्यास?"

मी तोंड उघडलं. लोक मागत होते, असं म्हणणार होते. म्हटलं नाही. पण तिला ते दिसलं असावं. ती खोलीत गेली आणि आतून कडी लावली.

१९ मार्च

साहेबांचा फोन. मी उजव्या कानाला लावला. आवाज तरणाबांड! भाजीवाल्याने ओळखलं म्हणे, पोरं फोटो काढायला जिन्यात थांबतात. आठ गावांहून बोलावणं आलंय. "येशील ना पोरी? आणि हे बघ, रक्त आलं तरी मध्येच थांबू नकोस."

"नाही थांबणार," मी म्हटलं.

हाताची सूज आज बरीच उतरली आहे.