तिसऱ्या सिलिंडरचा आवाज

मंगळवार, ५ मे

फ्राउ केलरची गाडी दिवसभर रोलरवर, जागच्या जागी पळवत. जुनी टर्बो कूपे, पाच सिलिंडर. गाडी दणकट, बाई त्याहून दणकट. शाळेत व्यायाम शिकवायची, आता निवृत्त, आणि ३० तारखेला आयुष्यातली पहिली घाटातली शर्यत. पॅडल पूर्ण दाबल्यावर पेट्रोल फार पडत होतं, इंजिन गुदमरायचं. थोडं थोडं कमी करत नेलं. छान मोकळी झाली.

तिने विचारलं, नॉक नॉक म्हणता ते काय? म्हटलं, पेट्रोल आणि हवा शिस्तीत जळायच्या ऐवजी कोपऱ्यात आपलीआपण भडकतात आणि पिस्टनला टोचे मारतात. आवाज? पत्र्याच्या डब्यात मटकी पडल्यासारखा. (मटकीला जर्मन शब्द आठवेना. मसूर म्हटलं. इथे श्वाबेनमध्ये मसूर सगळ्यांना कळते.)

मिनिटाला ४२०० फेऱ्यांवर सेन्सरने तिसऱ्या सिलिंडरवर नॉक दाखवला. इंजिनला मायक्रोफोन लावून हेडफोनवर ऐकलं. काही नाही. बेर्न्ड, आमचा मालक, दारातून: "कान काय म्हणतो?" मी: "झाउबर." स्वच्छ. एखादा पत्रा थरथरला तरी सेन्सर फसतो. त्याची मर्यादा वर सरकवली, कुरकुर थांबली. मग बेर्न्डचं ठरलेलं वाक्य: सेन्सर बदलता येतो, सुहासचा कान नाही. अकरा वर्षं ऐकतोय, अजून बरं वाटतं.

शुक्रवार, ८ मे

फ्रा. के. गाडी घेऊन गेली. गल्लीच्या टोकापर्यंत हॉर्न वाजवत. बारा वर्षांची असल्यासारखी.

शनिवार, ९ मे

ईराला ताप. तिच्या तोंडात थर्मामीटर देऊन बसलो. बसलोच. शेवटी तीच तो काढून वैतागली, "पापा, दास हाट शोन लेंग्स्ट गेपीप्त!" म्हणजे तो केव्हाचा वाजून गेला होता. ३८.४. मी हसलो, म्हटलं सेल गेले असतील. अश्विनी, माझी बायको, हसली नाही. कपड्यांचं मशीन संपल्याचंही मला हल्ली ती सांगते, ते आज लक्षात आलं.

रविवार, १० मे

ईराला बरं आहे. अश्विनीने फोनवर आवाजाचं एक ॲप उघडलं. हवी तेवढी बारीक करता येणारी शिट्टी. थेट आठ हजार हर्ट्झला लावून तिने कानावर हात ठेवले, ईरा उशीत घुसली. मी विचारलं, सुरू केलं का?

मग खालपासून चढवत नेली. पाच हजारच्या पुढे मला काही नाही. शून्य.

फ्रा. के.च्या इंजिनाचा नॉक साडेसहा हजार हर्ट्झच्या आसपास वाजणार. पिस्टनच्या मापावरून हा हिशोब मी झोपेत करतो. म्हणजे मंगळवारी मी काही ऐकलंच नाही, आणि त्यालाच झाउबर म्हटलं. वर सेन्सरचंही तोंड बंद केलं.

बाथरूममध्ये जाऊन बसलो. अश्विनी दाराबाहेर: "सुहास, उद्या बेर्न्डला सांग." हो म्हटलं.

सोमवार, ११ मे

सांगितलं नाही. फ्रा. के.ला मेल टाकली: नेहमीची एक तपासणी राहिली आहे, तोवर हळू चालवा. नेहमीची म्हणे!

बेर्न्डने एका नव्या गिऱ्हाइकाशी ओळख करून दिली: हा आमचा कान. पुण्यात इंजिनं तपासायच्या टेस्ट सेलमध्ये होतो तेव्हा साहेबही म्हणायचे, सुहासला विचारा. इथे गेर्लिंगेन गावातले आपले निम्मे लोक मोठ्या कंपनीत, मी एकटा गॅरेजवाला. चिडवतात. पण गाडी कुरकुरली की माझ्याकडेच येतात. हे गेलं तर माझ्याकडे काय उरतं, तेच कळत नाही.

बुधवार, १३ मे

कानाच्या डॉक्टरचा टेर्मिन ऑगस्टमधला. अश्विनीने श्रवणयंत्रांच्या दुकानात आजच वेळ मिळवली. काचेची खोली, हातात बटण. आलेख बराच सपाट, मग एकदम खाली. दुकानातल्या मुलीने विचारलं, किती वर्षं मशीनच्या आवाजात काम? अठ्ठावीस. यंत्र लावून इंजिन ऐकू येईल का? "मोटारीचं माहीत नाही. माणसांचं नक्की येईल." चांगली मुलगी. मला मोटारीचंच हवं होतं.

फ्रा. के.चं उत्तर: शुक्रवारी सकाळी येते.

शुक्रवार, १५ मे

काल सुट्टी, उद्या शनिवार, म्हणून आज गॅरेज बंद. किल्ली माझ्याकडे. हे सोयीचं आहे हे मला कळत होतं.

फ्रा. के. नऊला हजर, बरोबर र्‍हुबार्बचा केक. तिसऱ्याचा प्लग काढला. पांढऱ्या भागावर मिरपूड सांडल्यासारखे ठिपके, त्यात बारीक चकाकी. ती चकाकी पिस्टनची. कॅमेऱ्याची नळी आत घातली. पिस्टनची कड रवाळ झालेली. फुटलेली नाही. अजून.

पेट्रोल जरा वाढवायचं, स्पार्क थोडा मागे घ्यायचा, सेन्सरची मर्यादा होती तिथे आणायची. तासाभराचं काम. कोणाला कळलं नसतं.

ती म्हणाली, "मग घाटात पाय पूर्ण दाबू ना?"

त्या "ना" ला मी खोटं बोलू शकलो नाही. सगळं सांगितलं. कान, थर्मामीटर, ॲप. तिने पडद्यावरची पिस्टनची कड बराच वेळ पाहिली.

"ऐकू आलं नाही, त्याबद्दल माझं काही नाही," म्हणाली. "पण रविवारी कळलं आणि सांगताय शुक्रवारी. या मंगळवारी मी नातीला बसवून डोंगरावर गेले होते."

मी कॅमेऱ्याची नळी बाहेर काढली.

"बेर्न्डला तुम्ही सांगणार की मी?" तिने विचारलं. मीच सांगतो म्हटलं. गाडी ठेवून ट्रामने गेली. केकही ठेवून गेली. घरी आणला.

सोमवार, १८ मे

सांगितलं. बेर्न्डने एकच विचारलं: "कधीपासून?"

माहीत नाही. तेच तर माहीत नाही.

त्याने वही काढली. सेन्सर नॉक म्हणतोय आणि मी झाउबर लिहिलंय, अशा प्रत्येक ओळीला पेन्सिलीची खूण. गेल्या उन्हाळ्यापासून सात. सातही जणांना त्यानेच फोन केले, नेहमीसारखं ओरडून: "आमच्याकडून चूक झाली असेल, गाडी घेऊन या." आमच्याकडून म्हणाला. मी कॉम्प्रेसरमागे जाऊन रडलो.

नंतर म्हणाला, गाड्या यायला लागल्या की ऐकेन मी, तू स्क्रीन बघ. आधी मला शिकव.

बुधवार, २० मे

फ्रा. के.च्या इंजिनाला नवे पिस्टन. ३० ला जमेल का, अवघड आहे. तिचा निरोप: मी तिथे असणार, गाडी असेल की नाही ते तुम्ही बघा.

दुपारी बेर्न्डची शिकवणी. त्याचीच जुनी स्टेशन वॅगन रोलरवर. हेडफोन त्याच्या डोक्यावर, मसुरीचा डबा हलवून दाखवला. ठरलं असं: नॉक ऐकू आला की बोट वर. मी मुद्दाम स्पार्क पुढे नेला. चांगला दणदणीत नॉक, स्क्रीनवर लाल. बोट वर. पुन्हा, बोट वर. शाळेतल्या मुलासारखा खूश.

मग बारीक केला. ज्याने पिस्टन हळूहळू खाल्ला जातो तेवढाच. मीच घडवलेला, त्यामुळे शंकेला जागा नाही. स्क्रीनवर लाल, लाल, लाल.

बोट खालीच.

वाटलं, लक्ष नसेल. पुन्हा केलं. बेर्न्ड डोळे मिटून, मन लावून ऐकत होता. माझ्याहून सात वर्षांनी मोठा, आणि या आवाजात माझ्या कितीतरी आधीपासून. डोळे उघडून माझ्याकडे बघून हसला.

"झाउबर!"

मी रोलर बंद केला. स्टूल ओढून त्याच्यासमोर बसलो. त्याने हेडफोन काढेपर्यंत थांबलो.

"बेर्न्ड, तुझ्या घरी थर्मामीटर आहे?"