सोमवारची नोंद

चिंचपोकळी, ३ ऑक्टोबर २०२४

चि. इरावतीस आजीचे अनेक आशीर्वाद.

फोनवर मला रडू येतं आणि तुझं फावतं, म्हणून शेजारच्या पद्मजाला लिहायला बसवलंय. शिव्या ती गाळते, म्हणून ओळन्‌ओळ वाचून घेते.

तुझ्या वसंतकाकाला जाऊन महिना होतो न होतो तोच त्याचं रक्त मागतेस? इस्पितळात ठेवलेले नमुने तुमच्या कॉम्प्युटरवरच्या संशोधनाला हवेत, संमतीला आईचा, म्हणजे माझा, अंगठा हवा म्हणे! गो बाये, हातात तार घुसली, पंजा सुजला, तरी तो लालबागच्या कारखान्यातून उठला नाही. गणपतीचे डोळे ज्याने रंगवायला धरले त्यानेच पुरे करायचे, अर्ध्या नजरेचा देव सोडायचा नाही, हे त्यांचं शास्त्र. डोळे झाले, मग सोमवारी इस्पितळात गेला. अंग गार. तिथला डॉक्टर म्हणाला, ताप नाही, घरी जा. मंगळवारी उचलून नेला, बुधवारी संपला. तेव्हा कुठे होता तुझा कॉम्प्युटर? अंगठा मिळणार नाही.

तुझी आजी

बंगळूर, १० ऑक्टोबर

ती. आजीस शिरसाष्टांग नमस्कार.

शिव्या पोचल्या, पद्मजाकाकूंनी दोन तरी गाळल्याच असतील.

काकाला सेप्सिस झाला. जंतूंशी लढता लढता शरीर स्वतःवरच उलटतं, आणि प्रत्येकाचं वेगळ्या तऱ्हेने. म्हणून आम्ही हजारो रुग्णांच्या रक्तातली जनुकं, प्रथिनं ताडून गट पाडतो, कोणाला कोणतं औषध लागू पडेल ते कळावं म्हणून. ताप न येता गार पडणाऱ्यांचा आजार उशिरा ओळखला जातो, आणि आपल्याकडचे असे रुग्ण आमच्या माहितीत फार थोडे. काकाचं नाव कुठे येणार नाही.

एक मात्र ऐकून चिडशील. इस्पितळाच्या नोंदी मंगळवारपासून आहेत. सोमवारी केसपेपरच काढला नव्हता.

तुझी इरा

चिंचपोकळी, २२ ऑक्टोबर

चि. इरावतीस आशीर्वाद, रागासकट.

चिडशील म्हणालीस, मी पेटले. म्हणजे तुझ्या हजारांत माझा मुलगा मंगळवारी उचलून आणलेला, आडवाच येणार, आणि परत पाठवणारा सुटणार? सोमवारी त्याच्यासोबत गेलेले कारखान्यातले राजेश आणि अनिश, दोघांना घेऊन इस्पितळ गाठलं. मोठे डॉक्टर म्हणाले, आजी, बसा. म्हटलं, बसायलाच आलेय, उठवून दाखवा. सोमवारच्या त्या तरण्या डॉक्टरला बोलावलं. खाली बघत म्हणाला, गर्दी होती. म्हटलं, त्या गर्दीत माझा एकच होता रे. शेवटी दोघांच्या साक्षीने सोमवार लिहिला, सही केली. पद्मजाने वाचून दाखवलं, मगच अंगठा दिला.

त्याचं नाव खुशाल गाळ. पण तुझ्या कॉम्प्युटरला आधी हे सांग: सोमवारी तो स्वतःच्या पायांनी चालत आला होता.

लोभासोबत माझा रागही सांभाळ.

आजी